जुनी गाडी, सकाळची थरथर आणि घटणारं कूलंट : कुठला बिघाड आधी धरायचा?

रानवारा
नमस्कार मंडळी. काही महिन्यांपूर्वी वापरलेली गाडी घेतली. नऊ वर्षं जुनी, पेट्रोल, मॅन्युअल गिअर, मीटरवर १,१०,००० किलोमीटरच्या आसपास. चालवायला फार गोड गाडी आहे, पण दोन गोष्टी छळतायत.

एक, सकाळी पहिल्यांदा चालू केली की मिनिटभर इंजिन थरथरतं. चेक इंजिनचा दिवा कधीकधी लुकलुकतो आणि मग सगळं शांत. हवा दमट असली की हे हमखास होतं. दुसरं म्हणजे कूलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरतेय, पण खाली जमिनीवर थेंबही दिसत नाही. गॅरेजमध्ये सांगितलं, "चारही इंजेक्टर, चारही कॉइल, प्लग बदलून टाका, मग बघू." म्हणजे पेट्रोल फवारणारे, ठिणगीला वीज पुरवणारे आणि ठिणगी पाडणारे सगळे भाग एकदम. ते "मग बघू" मला पटलेलं नाही.

आणि याहून मोठा प्रश्न असा की, हल्ली प्रत्येक आवाजाला कान टवकारले जातात. कुठल्या लक्षणाला जागच्या जागी थांबायचं, कुठलं चालवत चालवत बघायचं आणि कुठल्या टप्प्यावर गाडी सोडून द्यायची, हे तुम्ही कसं ठरवता?

मीठमिरची
विकून टाका. जुन्या गाडीची काळजी सुरू झाली की ती संपत नाही.

जुनं_सोनं
@मीठमिरची, इतक्यात? अजून निदानही झालेलं नाही. गाडी विकून दुसरी जुनी घेतली तर तिचे बिघाड नव्याने शोधावे लागतील. हिचे किमान दोन तरी माहीत आहेत.

चाकधर
रानवारा, कोड वाचलेत का? ओबीडी स्कॅनर लावला की इंजिनाच्या कॉम्प्युटरने काय साठवलंय ते दिसतं. ही सोय अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या कारना सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्यामुळे नऊ वर्षं जुन्या गाडीत ती असणारच. सोळा पिनांचं सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला असतं. पी०३०० म्हणजे कुठल्याही ठरावीक नव्हे, अनेक सिलिंडरांत मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या नंबरच्या सिलिंडरात.

आणि एक महत्त्वाचं. दिवा नुसता लागून राहिला तर गाडी सावकाश घरी नेता येते. लुकलुकत असेल तर मिसफायर इतका आहे की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. त्या वेळी जोर देऊ नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा. कन्व्हर्टर आतून वितळला की छोट्या दुरुस्तीची मोठी होते.

रानवारा
@चाकधर, आत्ताच वाचून आलो. पी०३०३, एकच. कोड पुसले नाहीत.

चाकधर
छान केलंत. पुसू नकाच. कोडबरोबर "फ्रीझ फ्रेम" साठवलेली असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिनाचं तापमान, वेग, लोड काय होतं ते. पुसलं की तेही जातं.

गॅरेजवाला_अण्णा
तीस-पस्तीस वर्षं हात काळे करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एकच सिलिंडर मिसफायर करतोय आणि तुम्हाला चारही इंजेक्टर, चारही कॉइल सांगितले. आमच्या धंद्यातल्या या सवयीचा मला मनस्वी राग येतो. पार्ट बदलत बदलत बिघाड शोधणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून शिकणं. आधी शोधायचं, मग खोलायचं.

तुमच्या गाडीवर एकही पार्ट न बदलता होणारी परीक्षा अशी. इंजिन बंद आणि थंड असताना तीन नंबरची कॉइल एक नंबरवर लावा आणि एकची तीनवर. दोन-तीन सकाळ चालवा. कोड पी०३०१ झाला तर दोष कॉइलबरोबर हलला, कॉइल दोषी. पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल करा. तरीही तीनच राहिला तर इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब).

प्लग काढाल तेव्हा त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर भिंगातून बघा. केसासारखी काळी उभी रेघ दिसली तर वीज टोकाला ठिणगी पाडण्याऐवजी बाहेरच्या बाहेर खाली उतरतेय. याला कार्बन ट्रॅक म्हणतात. दमट हवेत ही वाट तिला आणखी सोपी होते आणि इंजिन तापलं की ओल उडून त्रास थांबतो. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. रेघ प्लगवर असेल तर कॉइलच्या रबरी बुटाच्या आतही तिची जोडीदार असते, म्हणून प्लग आणि बूट दोन्ही बदलावे लागतात. नुसता प्लग बदलला तर जुना बूट नव्या प्लगवर तीच रेघ पाडतो.

निशाचर
अण्णांना पूर्ण मान देऊन असहमत. तुम्ही कूलंट विसरताय. सकाळी थंड इंजिन एकाच सिलिंडरावर थरथरतं आणि कूलंट न सांडता कमी होतं, या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील!

गाडी बंद केली तरी कूलिंग सिस्टिममध्ये दाब राहतो. गॅस्केटला बारीक वाट मिळाली असेल तर रात्रभर थोडं थोडं कूलंट सिलिंडरात झिरपतं. सकाळी तो सिलिंडर ओला, म्हणून मिनिटभर मिसफायर. ते वाफ होऊन गेलं की सगळं ठीक. मी एका गाडीत अगदी हेच पाहिलंय, आणि तिथेही आधी कॉइलच बदलल्या होत्या.

मीठमिरची
म्हणूनच म्हटलं, विका.

रानवारा
@निशाचर, हे वाचून पोटात गोळा आला. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय नाहीये, डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ आहे. धूरही पांढरा नाही. मग तरी शक्य आहे का?

निशाचर
शक्य आहे. गॅस्केट कुठून सुटलंय त्यावर लक्षणं ठरतात. कूलंटची वाट आणि तेलाची वाट यांच्यामध्ये सुटलं तर तेल दुधाळ होतं. कूलंट आणि सिलिंडर यांच्यामध्ये सुटलं तर तेल अगदी स्वच्छ राहू शकतं. आणि झाकणाखालची थोडीशी पिवळसर साय तर नुसत्या छोट्या छोट्या फेऱ्यांनीही धरते, इंजिन पुरतं तापत नाही, आतला दमटपणा उडत नाही. त्यामुळे साय दिसली म्हणून गॅस्केट गेलं असं नाही, आणि नाही दिसली म्हणून वाचलं असंही नाही.

गॅरेजवाला_अण्णा
निशाचर बरोबर बोलतायत. कूलंटचा मुद्दा मी वेगळा धरला होता, पण दोन्ही एकत्र तपासायलाच हवेत. भांडायचं कारण नाही, तीन परीक्षा आहेत.

पहिली, प्रेशर टेस्ट. थंड इंजिनावर टाकीच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. काटा उतरला तर गळती आहे. मग टॉर्च घेऊन पंप, होज, हीटरची जोडणी, रेडिएटरच्या कडा बघायच्या. गाडीच्या आत पुढच्या पायदानाखालचा गालिचाही हाताने दाबून बघा, हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळत असेल तर तो ओला लागतो. गरम इंजिनाचं झाकण मात्र कुणी उघडू नये. दाब सुटताक्षणी आतलं पाणी उकळून अंगावर येतं.

दुसरी, ज्वलनवायूची परीक्षा. टाकीच्या तोंडावर निळं द्रावण असलेली नळी धरून टाकीतली हवा त्यातून खेचायची. सिलिंडरातला कार्बन डायॉक्साइड कूलंटमध्ये शिरत असेल तर निळं पिवळं होतं.

तिसरी, बोअरस्कोप. रात्रभर दाब ठेवून सकाळी प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडायचा. कूलंट शिरत असेल तर त्या पिस्टनचा माथा वाफेने धुतल्यासारखा लख्ख दिसतो आणि शेजारचे काळे.

तिन्हीत पास झाली तर हेड गॅस्केटचं नाव काढू नका.

सुलभा_क
किती नीट समजावताय अण्णा! मला विचारायचंय ते थोडं वेगळं आहे. माझ्या गाडीत कधी एबीएसचा दिवा लागतो, कधी स्टिअरिंग जड होतं, एकदा तर गिअरच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. प्रत्येक वेळी वेगळा कोड. हे सगळे भाग एकदम कसे बिघडतील?

पाटीपेन्सिल
@सुलभा_क, ताई, आधी बॅटरी मोजा. निवांत ठेवलेल्या चांगल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. (अगदी नव्या गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमाने कमीजास्त होतो, तिथे एका आकड्यावर जाऊ नका.) व्होल्टेज पडलं की गाडीतलं एकेक कंट्रोल युनिट (छोटा कॉम्प्युटर) मधेच झोपतं आणि बाकीचे त्याच्या नावाने ओरडतात. दिवे पाच, दोष एक. बॅटरी चांगली निघाली तर इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी बघा, गंजलेली असते.

सुलभा_क
मोजलं. रात्रभर उभी राहिल्यावर ११.९.

पाटीपेन्सिल
मग बाकी कुठल्याही भागाला हात लावू नका. बॅटरी चार्ज करून तपासून घ्या. ती ठीक निघाली तर गाडी बंद असताना वीज कोण खातंय ते शोधा. सगळी युनिटं झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपियरच्या आत ओढ असावी. बाहेरून बसवलेले म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, ट्रॅकर हे पहिले संशयित.

इंजिनवेडा
जुन्या गाडीच्या धाग्यावर टायमिंग बेल्टचा (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखणाऱ्या रबरी पट्ट्याचा) विषय अजून कुणी काढला नाही! रानवारा, तुमच्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन? १,१०,००० ला हा प्रश्न कूलंटच्याही आधीचा आहे. बेल्टची मुदत मॉडेलप्रमाणे ६०,००० पासून १,६०,००० किलोमीटरपर्यंत असते, किंवा ठरावीक वर्षं, जे आधी होईल ते. वर्षांचं कलम लोक वाचतच नाहीत. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो. आणि तो तुटण्याआधी बहुतेक वेळा काहीच सांगत नाही, ना आवाज, ना दिवा.

काही छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत बेल्ट तेलातच फिरतो. फोर्डच्या १.० इकोबूस्टच्या आधीच्या आवृत्त्या आणि प्यूजो-सित्रोएनचं १.२ प्युअरटेक ही त्यातली गाजलेली उदाहरणं. तिथे चुकीचं तेल पडलं किंवा तेल बदलायला उशीर झाला की बेल्टचा भुगा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. मग प्रश्न फक्त बेल्टचा राहत नाही, तेलाच्या दाबाचा होतो.

रानवारा
बेल्ट आहे. आधीच्या मालकाने बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात नाही.

इंजिनवेडा
नोंद नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरायचं.

जुनं_सोनं
याला माझा जोरदार पाठिंबा. मी तर कुठलीही जुनी गाडी आली की तिची नवी जन्मतारीख मांडतो. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक फ्लुइड सगळं एकदा बदललं की पुढचा हिशोब माझा. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांबच्या उतारावर पेडल मऊ पडतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असलेलं, पण वयाने थकलेलं टायर जुन्या गाडीवर नेहमी सापडतं.

मीठमिरची
एवढं सगळं करायचं तर जुनी घेऊन वाचलं काय?

जुनं_सोनं
हा खर्च खरेदीच्या वेळीच मनात धरायचा असतो. तो धरून ज्यांना परवडते त्यांनीच घ्यावी, हे मी मनापासून सांगतो.

निशाचर
थोडं विषयांतर, पण गंभीर. जुनी गाडी घेतलेल्या प्रत्येकाने चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या (दोष सापडल्यावर गाड्या परत बोलावण्याच्या) पानावर टाकून बघा. सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात, एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणून. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवा. त्यांच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षांनुवर्षं खराब होत जातं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी एअरबॅगा परत बोलावल्या, जगभर माणसं दगावली. कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण त्या एअरबॅगा अजूनही काही गाड्यांत आहेत. मालक बदलले की रिकॉलची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात. रिकॉलची दुरुस्ती फुकट होते. आजच बघा.

पाटीपेन्सिल
यात भर. घेण्याआधी स्कॅनर लावाल तेव्हा "कोड नाहीत" एवढ्यावर खूश होऊ नका. "रेडिनेस मॉनिटर" बघा, म्हणजे गाडी स्वतःच करत असलेल्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते. विकणाऱ्याने सकाळीच कोड पुसले असतील तर बरेच मॉनिटर अपूर्ण दिसतात, ते भरायला वेगवेगळ्या वेगाने थोडे दिवस गाडी चालावी लागते. आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटचा हातभर भाग बघा. गाडी पुरात बुडाली असेल तर सगळं धुतात, पण गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहून जाते.

रानवारा
मंडळी, बातमी आहे.

दुसऱ्या गॅरेजात गेलो आणि अण्णांच्या तिन्ही परीक्षा नाव घेऊन सांगितल्या. मेकॅनिक तरुण होता, त्याला उलट आनंदच झाला. निळं द्रावण निळंच राहिलं. बोअरस्कोपमध्ये चारही पिस्टनचे माथे सारखेच काळपट. म्हणजे हेड गॅस्केट सुटकेला पात्र!

पण प्रेशर टेस्टमध्ये काटा हळूहळू उतरला. बराच वेळ काहीच सापडेना. शेवटी बेल्टचं वरचं कव्हर काढलं तेव्हा पाण्याच्या पंपाच्या अंगावर, बारीक भोकाखाली, वाळलेल्या गुलाबी कूलंटची खपली ओघळत गेलेली दिसली. हात लावला तर भुगा झाला. गळणारं कूलंट गरम ब्लॉकवरच वाळत होतं, म्हणून जमिनीवर थेंब नाही.

आणि कॉइल अदलाबदल केल्यावरचा कोड पी०३०१. तीनची कॉइल काढून बुटात टॉर्च मारला तर आत काळी रेघ, प्लगवर तिची जोडीदार. अण्णांनी लिहिलं होतं तशीच.

निशाचर
वा! गॅस्केट नाही याचा मनापासून आनंद झाला. दोन लक्षणं, दोन वेगळे बिघाड.

गॅरेजवाला_अण्णा
ते भोक पंपात मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील थकलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी तिथून बाहेर पडावं म्हणून. तिथे ओघळ दिसला की पंपाचे दिवस भरले. तुमचा पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, कव्हरखाली आहे म्हणजे. मग बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून आणि वाटेवर ठेवणारी चाकं) आणि पंप एकदमच करा, मजुरी एकदाच लागते. पंप गळत ठेवून नुसता बेल्ट बदलू नका, कूलंट नव्या बेल्टवर येईल. तोपर्यंत लांबचा प्रवास नको. पंपाचं बेअरिंग अडकलं तर बेल्टही जाईल.

आता तुमचा मूळ प्रश्न, तो बाजूला राहिला. मी गिऱ्हाइकांना असं सांगतो. तेलाचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद, पुढच्या वळणापर्यंतसुद्धा नाही. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तर थांबा. ब्रेकचं पेडल मऊ किंवा खोल गेलं, स्टिअरिंगला अचानक ढिलाई जाणवली, जळका वास किंवा पेट्रोलचा वास आला, तर गाडी ओढून न्या, चालवून नाही. बाकी बहुतेक आवाज वही घेऊन ऐकण्याजोगे असतात. कधी येतो, थंड की गरम, वळताना की ब्रेक दाबताना, वेगाबरोबर वाढतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर. वळतानाच कटकट येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सांधा. वेगाबरोबर गुणगुण वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर. असं लिहून आणणारं गिऱ्हाईक आलं की माझं अर्धं काम झालेलं असतं.

सोडून कधी द्यायची? सांगाड्याला गंज लागला असेल तेव्हा. इंजिन, गिअरबॉक्स बदलता येतो, पण सस्पेन्शन ज्याला धरून आहे तो पत्राच सुटायला लागला की मी दुरुस्ती घेत नाही, कितीही आग्रह केला तरी.

चाकधर
अण्णा, गंजाबद्दल शंभर टक्के. त्यात मी एक जोडतो. एकच बिघाड योग्य निदानानंतरही पुन्हा पुन्हा येत असेल, तर बहुधा कुठेतरी जुना अपघात किंवा कापलेली वायरिंग आहे. तिथे मी थांबतो.

मीठमिरची
एक पंप, एक कॉइल, एक प्लग आणि होणारच होता तो बेल्ट. ठीक आहे, ही नका विकू. माझं मत बदललं.

रानवारा
@मीठमिरची, तुमचा होकार मिळाला म्हणजे गाडी खरंच चांगली असणार. काम पुढच्या आठवड्यात ठरलंय. एकच शेवटचं : टाकीत सध्या गुलाबी कूलंट आहे, गॅरेजमध्ये हिरवं ठेवलेलं दिसलं. चालेल?

गॅरेजवाला_अण्णा
रंगावर जाऊ नका, रंग प्रत्येक कंपनी आपापला टाकते. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच घ्या आणि जुनं पूर्ण काढून भरा. वेगवेगळ्या रसायनांची मिसळ झाली की काही वेळा चिकट गाळ धरतो. भरल्यावर हवा नीट काढायला सांगा. आत बुडबुडा अडकला तर हीटर थंड वारा मारतो आणि काटा उगाच वरखाली होतो.

सुलभा_क
माझ्याकडून पण बातमी. बॅटरी खलास होती, बदलली, सगळे दिवे गेले! आता नवीनच. माझ्या गाडीला चेन आहे. ऑइल बदलून आणल्यापासून सकाळी चालू करताना दोन सेकंद खडखड येते, मग बंद. चेन गेली का?

इंजिनवेडा
ऑइल बदलल्यापासून असेल तर आधी फिल्टरवर संशय घ्या. चांगल्या फिल्टरमध्ये तेल परत खाली उतरू नये म्हणून रबरी व्हॉल्व्ह असतो. तो हलका असेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी चेनच्या टेन्शनरपर्यंत तेलाचा दाब पोहोचायला तेवढे दोन सेकंद जातात. कंपनीचा फिल्टर लावा, तेल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं आहे ना तेही बघा. त्यानंतरही खडखड राहिली तर आवाज रेकॉर्ड करून टाका, मग चेनकडे बघू.